कोहळ्यात ज्वारीच्या कण्या

शेतकरी बंधूंनो, आणि रेडिओ लावून हातातलं काम करणाऱ्या माझ्या मायबहिणींनो, नमस्कार.

तुरीच्या शेंगा भरल्यात, बाजारात ओल्या सोल्यांचे, म्हणजे सोललेल्या तुरीच्या दाण्यांचे, ढीग लागलेत, आणि धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, तोडून आणलेली लाल कोहळी, म्हणजे लाल भोपळे, घरोघरी माळ्यावर पडून आहेत. कोहळ्याची भाजी, कोहळ्याची बोंडं, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. आज सांगणार आहे ते अख्खं कोहळं. पोटात ज्वारीच्या कण्यांचं, म्हणजे भरडलेल्या ज्वारीचं, तिखट सारण भरायचं आणि सबंध भाजायचं. दोन किलोच्या एका कोहळ्यात पाच-सहा माणसं पोटभर जेवतात.

एक गोष्ट आधीच सांगते, आणि नंतर पुन्हा सांगणार आहे. सारण आधी शिजलेलं हवं आणि मोकळं हवं. शिजलेलं आणि मोकळं. कोहळं भाजताना स्वतःचं पाणी सोडतं. त्यात ओलं सारण पडलं की आत लगदा होतो, आणि कच्च्या कण्या घातल्या तर कोहळं गळून पडतं तरी कण्या दाताखाली करकरतात.

कोहळं जून घ्या. देठ वाळलेला, सालीत नख रुतत नाही, असं. महिना-दीड महिना माळ्यावर राहिलेलं असेल तर आणखी चांगलं, कारण ठेवल्यावर त्यातल्या पिठाची हळूहळू साखर होत जाते. देठ मोडलेलं कोहळं मात्र टिकत नाही, ते आधी संपवा.

आता ही रीत मला कुठं मिळाली ते सांगते, कारण त्यात निम्मी कृती आलीच.

वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यात माझ्या मामाचं शेत आहे. तिथं हिवाळ्यात मारोतीचे रोडगे होतात, म्हणजे निखाऱ्यात भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांची पंगत. रोडगे म्हटलं की काय काय असतं ते तुम्ही जाणताच. गोवऱ्यांच्या निखाऱ्यांचा जगरा, वांग्याची भाजी, वरण, वाडगाभर तूप. त्या वर्षी मामाची मुलगी नवीनच लग्न होऊन गेलेली, आणि तिच्या सासूबाई, म्हणजे आमच्या विहीणबाई, नागपूरहून पहिल्यांदाच शेतावर आलेल्या. मामीनं आठ दिवस आधीपासून कोठा सारवून ठेवला होता. रोडगे जगऱ्यात पडले, आणि लेकीनं आईला बाजूला नेऊन सांगितलं, ‘आई, सासूबाईंना गहू चालत नाही. डॉक्टरांनी पार बंद केलाय.’

मामीचा चेहरा मला आजही दिसतो. ‘आता सांगून राह्यली का व? रोडगे पडले विस्तवात, अन् आता सांगते?’

भाकरी टाकावी तर ज्वारीच्या पिठाचा डबा रिकामा. गिरणी गावात, आणि गावातली लाईन सकाळपासून गेलेली. शेतावरच्या कोठ्यात होत्या फक्त कण्या. आमचे सालदारकाका दुपारी ताकात कालवून खायचे, त्यांच्यासाठी ठेवलेल्या. मामी म्हणाली, ‘विहिणीले कण्या वाढू? जलमभर नाव ठेवन थे.’

काका जगऱ्यापाशी बसून गोवऱ्या सारखत होते. त्यांनी मान वर केली नाही. म्हणाले, ‘वहिनी, कण्यात खोट नाही. गंजातून वाढसान तं कण्याच दिसतीन. कोहळ्यातून वाढा.’ आणि काठीनं कोठ्याच्या छपराकडं दाखवलं. तिथं कोहळं होतं. त्यांची माय आरात पुरून असं कोहळं भाजायची, म्हणाले.

कोहळं खाली आलं. मामीनं विळा घेतला आणि थांबली. आपल्याकडं अखंड कोहळ्याला पहिला चिरा गड्यानं द्यायचा असा रिवाज आहे, आणि मामा विहिरीवर पाणी आणायला गेलेला. ऐंशीच्या पुढची आमची आजी बाजेवर बसून होती. ती म्हणाली, ‘काप व माय. कोहळं काय पाह्यते, बाई हाय का माणूस हाय?’ मामीनं चिरा दिला. मला विचाराल तर जिला भूक भागवायची आहे तिनं विळा चालवावा. एका चिऱ्यासाठी स्वयंपाक अडवून धरणारे रिवाज आपण आता सोडून द्यायला हवेत, आणि ते घरातल्या म्हाताऱ्या बायकांनीच सोडून दाखवले तर लवकर सुटतात.

देठाकडून झाकणासारखा काप काढला. आतल्या बिया आणि दोऱ्या खरवडल्या. आतून मीठ आणि तेल चोळलं. इकडं तीन दगडांवर कण्या शिजल्या, त्यात लसूण, हिरवी मिरची, कांदा, अर्धवट उकडलेले सोले, शेंगदाण्याचा कूट आणि त्याच तालुक्यातली वायगावची हळद. मामी हिंगाची डबी उघडत होती, तर लेकीनं हात धरला. बाजारातल्या बहुतेक हिंगात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. ज्यांच्या घरी कुणाला गहू बंद आहे त्यांनी हे लक्षात ठेवा, हिंगाची डबी वाचून घ्या.

सारण पाऊण कोहळं भरेल इतकंच घातलं. झाकण बसवून तुराटीच्या काड्या टोचल्या. वरून पळसाची पानं गुंडाळली आणि त्यावर बोटभर जाड काळ्या मातीचा लेप. रोडग्यांच्या जगऱ्यात गव्हाचं पीठ सांडलेलं, म्हणून काकांनी वेगळा खड्डा केला, निखारे घातले, कोहळं ठेवलं आणि वरून फुफाटा ओढला. अधूनमधून पाव वळसा फिरवायचं, एवढंच काम.

पंगत बसली तरी कोहळं आतच होतं. विहीणबाईंच्या पत्रावळीवर वांग्याची भाजी आणि वरण, आणि मामी खड्ड्याकडं आणि त्यांच्याकडं आळीपाळीनं पाहतेय. शेवटी काकांनी कोहळं बाहेर ओढलं आणि काठीनं ठोकलं. भाजलेली माती खपल्या-खपल्यांनी सुटली, तिच्यासोबत पानं निघाली. साल एका अंगानं काळी पडलेली. झाकण उचललं आणि लसणाचा, भाजक्या कोहळ्याचा वास असा सुटला की रोडगा कुस्करणारे हात थांबले. कण्यांचा दाणा न् दाणा सुटा, कडेच्या कण्या कोहळ्याचा रस पिऊन केशरी झालेल्या.

मामीनं सारण वाढलं, कडेचा गरही चमच्यानं खरवडून घातला. विहीणबाईंनी पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, ‘अहो, या तर कण्या!’

कुणी काही बोललं नाही. मग त्याच म्हणाल्या, ‘सासूबाई ताकातल्या करायच्या. त्या गेल्या अन् आमच्या घरातून कण्याही गेल्या.’ आणि पत्रावळ पुढं केली. त्यांनी तिसऱ्यांदा घेतलं तेव्हा मामी पहिल्यांदा खाली बसली. बाकीच्या पंगतीला चमचा-चमचा मिळालं. तेव्हापासून मामाच्या शेतात रोडग्यांच्या दिवशी दोन खड्डे खणतात.

पत्रावळीवरून आठवलं. पळस आपल्या रानात फुकट उभा आहे, आणि तरी पंगतीत थर्माकोलच्या ताटल्या येतात. राज्यात त्यांच्यावर 2018 साली बंदी आली, तरी येतात. जेवण झाल्यावर त्या धुऱ्याला लावून जाळतात, त्याचा धूर मला फार लागतो. पानं तोडायला चार पोरं पाठवा, अर्ध्या तासात पंगतीपुरती पानं होतात.

असो. घरच्या चुलीवर, गॅसवर कसं करायचं ते भराभर सांगते, वेळ थोडा उरलाय.

एक वाटी कण्या दोन तास भिजवा. निथळून दुप्पट पाण्यात मीठ घालून शिजवा आणि परातीत पसरून गार करा, म्हणजे मोकळ्या होतात. पुन्हा सांगते, शिजलेल्या आणि मोकळ्या. तेलात मोहरी, जिरं, ठेचलेला लसूण, मिरची, कांदा, मग उकडलेले सोले. हळद, तिखट, घरचा काळा मसाला. कण्या, कूट, भाजलेले तीळ घाला. गॅस बंद करून भरपूर सांबार, म्हणजे कोथिंबीर, चिरून घाला, वर लिंबू पिळा. कोहळं गोड असतं, म्हणून सारण नेहमीपेक्षा जरा जास्त तिखट आणि आंबट ठेवा. तेलात हात आखडू नका. कोहळ्याच्या पिवळेपणात जे आहे त्याचं शरीरात अ जीवनसत्त्व होतं, आणि ते अंगी लागायला स्निग्ध काहीतरी सोबत लागतं.

ओव्हन असेल तर 180 अंशांवर आधी रिकामं कोहळं अर्धा तास भाजा. आत साचलेलं पाणी ओतून टाका, सारण भरा, झाकण ठेवा, आणि आणखी अर्धा-पाऊण तास. ओव्हन लहान असेल तर कोहळं आडवं चिरून दोन वाट्या करा. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, दोन बोटं वाळू पसरा, वर ताटली, ताटलीवर भरलेलं कोहळं, घट्ट झाकण, मंद आच. याला दीड तासाच्या आसपास लागतो. बाहेरून सुरी टोचून पाहा. लोण्यात गेल्यासारखी गेली की झालं. सुरी अडखळली तर परत झाका.

कण्या घरात नसतील तर भगर चालते, मेळघाटाकडची कुटकी मिळाली तर तीही फार चांगली लागते. पण आपलं धान्य ज्वारी. 2023 हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जगभर साजरं झालं, आणि आपल्याच वावरातून ज्वारी निघून गेली, तिथं सोयाबीन आलं. मला कारणं ठाऊक आहेत. रानडुक्कर, रोही म्हणजे नीलगाय, पाखरं, राखण करायला माणूस नाही. तरी घरापुरती, गुरांच्या कडब्यापुरती एक-दोन पट्टे ज्वारी पेरा असं मी प्रत्येक शेतकऱ्याला सांगत असते, आणि सांगत राहणार.

खरवडलेल्या बिया फेकू नका. धुऊन, उन्हात वाळवून तव्यावर मीठ घालून भाजा, किंवा धुऱ्यासाठी राखून ठेवा. उरलेलं कोहळं आणि सारण दुसऱ्या दिवशी एकत्र कालवून ज्वारीच्या पिठात मळलं तर थालीपीठ होतं, सोबत जवसाची चटणी. साल काळी पडली असेल तर ती काढून टाका, बाकी साल मऊ झालेली असते, ती खाल्ली तरी चालते.

सोले महाग व्हायच्या आत करून पाहा. नमस्कार.