शेती की शेळी: कमी खर्चातल्या विनोदी लघुपटाचा आवाज

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

पत्रिकेत माझा विषय ‘मित्रांसोबत कमी खर्चात विनोदी लघुपट: संकलन आणि वेळ साधण्याची कला’ असा छापला आहे. संकलनावर मी बोलणारच आहे; परंतु ज्या गोष्टीवाचून संकलनाला हात लावण्यात अर्थ नाही, ती आधी सांगू द्यावी, अशी विनंती आहे. ती गोष्ट म्हणजे आवाज. आजचा तरुण चित्रीकरणाला निघताना लेन्स, गिंबल (चालतानाही कॅमेरा स्थिर धरणारी मूठ) आणि जमल्यास भाड्याचा ड्रोन यांचा हिशेब मांडतो. माइकची आठवण त्याला बहुधा पैसे संपत आल्यावर होते. माझे म्हणणे असे आहे की विनोदी लघुपटात पहिला रुपया आवाजावर खर्च झाला पाहिजे.

आमच्या मित्रमंडळात एक जण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे, एकाचे मोबाईल दुरुस्तीचे दुकान आहे आणि एकाचे रसवंतीगृह आहे. आम्ही केलेल्या लघुपटाची गोष्ट तुमच्यापैकी प्रत्येकाच्या घरात घडून गेलेली आहे. सोयरिकीची बोलणी चालू आहेत, मुलीकडची मंडळी घर पाहायला आली आहेत, आणि ढेलजेत बसलेल्या आजीला कमी ऐकू येते. पाहुणे विचारतात, “शेती किती?” आजी ‘शेळी किती’ असे ऐकते आणि मोठ्या उत्साहाने सांगते, “दोन हायत. एक गाभण हाय, पंचमीपस्तोर व्यायची.” आजीचे काम एका मित्राच्या आत्याबाईंनी केले. त्यांना लिहिता-वाचता येत नाही. संवाद त्यांनी ऐकून ऐकून पाठ केले, आणि ‘गाभण हाय’ म्हणताना त्यांच्या आवाजात असा काही अभिमान उतरला की कॅमेरा धरणाऱ्या मित्राला हसू आवरेना.

आता या विनोदाची घडण पाहा. हसू आजीच्या उत्तरावर येते. पण ते यायचे असेल तर प्रेक्षकाला आधी ‘शेती’ हा शब्द स्वच्छ ऐकू आलेला असला पाहिजे. सगळा खेळ ‘ती’ आणि ‘ळी’ या दोन अक्षरांमधला आहे. प्रश्न धूसर ऐकू आला, तर आजीने बरोबर उत्तर दिले असे वाटते आणि विनोद तिथेच संपतो.

हा नुसता तर्क नाही. हे मी डोळ्यांदेखत पाहिलेले आहे. आपल्याच भागातल्या एका लघुपट स्पर्धेत, तिचे नाव मी घेणार नाही, आमचा लघुपट एका मंगल कार्यालयात दाखवला गेला. आदल्या रात्री तिथे गाण्यांचा कार्यक्रम झाला होता आणि मिक्सरवर ‘एको’ तसाच चालू होता. पहिल्या संवादालाच प्रत्येक शब्दामागून त्याची सावली येऊ लागली. मी धावत ध्वनिव्यवस्था पाहणाऱ्या गृहस्थांकडे गेलो आणि एको बंद करण्याची विनंती केली. ते अतिशय सौजन्याने म्हणाले, “सर, एको काढला की आवाज कोरडा पडतो. लोकायला भरदार लागतो.” आमचे बोलणे होईपर्यंत आजीचा प्रसंग येऊन गेला होता. सभागृहात कोणीही हसले नाही. मी जागेवर परत आलो तेव्हा शेजारचे एक आजोबा गंभीरपणे मला म्हणाले, “शेळ्याच इचारल्या ना त्यानं? मग बराबर सांगितलं की म्हातारीनं.” त्यांचे काहीही चुकले नव्हते. एकोने त्यांना आमच्या आजीच्या जागी नेऊन बसवले होते.

त्या स्पर्धेत छायाचित्रणाला पारितोषिक होते, अभिनयाला होते, दिग्दर्शनाला होते, अगदी पोस्टरलासुद्धा होते. ध्वनिमुद्रणाला नव्हते. उसाच्या फडावरून ड्रोन फिरवलेल्या लघुपटाचे परीक्षकांनी भरभरून कौतुक केले आणि आमच्याविषयी ‘विनोद कमी पडतो’ असा शेरा दिला. हा शेरा मला आजही मान्य नाही. ज्या स्पर्धेला आवाज हे कारागिरीचे अंग वाटत नाही, ती मुलांना आवाजाकडे दुर्लक्ष करायलाच शिकवते, आणि त्याचे मला मनापासून दुःख होते.

यावर कोणी म्हणेल की चित्रपटातला विनोद मुळात मुका होता. ते खरे आहे. १८९५ साली ल्युमिएर बंधूंनी बागेतल्या माळ्याची फजिती दाखवली, तीत एक माळी, एक खोडकर मुलगा आणि पाण्याची एक नळी होती. सगळा खेळ मिनिटभराच्या आतला. पण मूकपटातल्या विनोदवीरांनी शरीर कमावण्यात आयुष्ये घातली होती. आपल्याजवळ ती तालीम नाही. आपल्याजवळ जीभ आहे. सोळाव्या शतकात पैठणला नाथांनी भारुडे रचली, तेव्हापासून मराठवाड्याचा कान बोलण्यातली गंमत टिपत आला आहे. हे भांडवल फुकट मिळालेले आहे, आणि ते माइकपर्यंत पोहोचवणे एवढेच आपले काम आहे.

त्यासाठी काय करावे? माइक तोंडाजवळ न्यावा. अंतर दुप्पट झाले की थेट येणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने घसरतो, खोलीचा घुमारा मात्र तेवढाच राहतो. म्हणून तीन मीटरवर ठेवलेला महागडा मोबाईल छातीशी लावलेल्या साध्या कॉलर माइकपुढे हरतो. असा कामचलाऊ माइक दोन-तीन हजारांत मिळतो. दुसरे म्हणजे घराची निवड. माळवदाच्या घरात मातीच्या जाड भिंती आणि लाकडी तुळयांचे छत असते, त्यामुळे आवाज घुमत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात दगडमातीची घरे कोसळून हजारो माणसे गेली. त्यानंतर लोक सिमेंटच्या आणि पत्र्याच्या घरांकडे वळले, ते योग्यच झाले. सिमेंटच्या खोलीत कॅमेऱ्यामागच्या भिंतीवर आणि शक्य तर जमिनीवर गोधड्या टाकाव्यात. मे महिन्यात पारा बेचाळिसाच्या पुढे असताना कूलर आणि पंखा बंद करून उभे राहणे हीच आमच्याकडच्या ध्वनिमुद्रणाची खरी किंमत आहे. आत्याबाई पदराने घाम टिपत बसायच्या, पण ‘कूलर लावा’ असे त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. चित्रीकरण संपल्यावर त्या रिकाम्या खोलीची तीस सेकंदांची शांतता वेगळी मुद्रित करून ठेवावी. तिचा उपयोग आता सांगतो.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा संकलन भराभर सांगतो. भारतात वीज ५० हर्ट्झची असल्याने सेकंदाला २५ चौकटी (फ्रेम) आणि शटरचा वेग १/५० सेकंद ठेवावा, म्हणजे दिवे लुकलुकत नाहीत, कॅमेऱ्याबद्दल एवढेच.

चित्रित तुकड्यांची पहिली जुळणी चित्र न पाहता, केवळ ऐकून करावी. प्रश्न विचारणाऱ्या पाहुण्याचा चेहरा आणि त्याचा आवाज एकत्रच दाखवावेत, म्हणजे शब्द ओठांवरूनही कळतो. आजीचे उत्तर सुरू झाले की अर्ध्या वाक्यातच चित्र पाहुण्यावर न्यावे आणि आजीचा आवाज तसाच चालू ठेवावा. हसू बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर जास्त पिकते. उत्तरानंतर दीड-दोन सेकंद कोणी बोलू नये. पाहुण्याने बशीतला चहा फुंकावा, मुलाच्या वडिलांनी टोपी सरळ करावी. सभागृहातले हसू याच जागेत मावते. नाहीतर पुढचा संवाद त्याखाली दबतो. ही जागा भरायला ती तीस सेकंदांची शांतता लागते, कारण ध्वनिपट्टी कोरी सोडली की आवाज तुटल्यासारखा वाटतो. विनोदाच्या जागी ‘ढँव’ असे तयार आवाज टाकू नयेत. पार्श्वसंगीत संवादाखाली येत असेल तर काढून टाकावे.

शेवटचे काम म्हणजे चाचणी. ज्याला गोष्ट ठाऊक नाही अशा एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला बोलावून लघुपट दाखवावा आणि आपण पडद्याकडे पाठ करून बसावे. जिथे जिथे ते “काय म्हणाली?” असे विचारतील, तिथली वेळ लिहून घ्यावी आणि तेवढे संवाद त्याच माणसांकडून, त्याच खोलीत, कूलर बंद करून पुन्हा मुद्रित करावेत. कॉलर माइक मी सोबत आणला आहे; ज्यांना तो लावून पाहायचा आहे त्यांनी प्रश्नोत्तरांनंतर व्यासपीठाजवळ थांबावे.