एमा हार्टचा गल्ला

(पडद्यावर: ढगांच्या वरून जाणारं छोटं जेट विमान. खिडकीपाशी मोत्यांच्या माळेवरून फिरणारा सुरकुतलेला हात.)

1968 साल. खासगी विमानात 78 वर्षांची एक बाई बसली आहे. ज्या तेल कंपनीचं हे विमान, तिच्यात बाईंचा भलामोठा वाटा आहे. लंडनमधलं आलिशान डिपार्टमेंट स्टोअर तिचं, यॉर्कशरमधल्या कापड गिरण्या तिच्या. शेजारी नात बसली आहे, पॉला. न्यूयॉर्कला उतरल्यावर आजीला कळणार आहे, की पोटची मुलंच तिच्या माघारी कारभार विकून टाकायच्या खटपटीत आहेत. आपल्याकडच्या मालिकेत इथे तीन वेळा वीज कडाडली असती. ही बाई मात्र मुलांना कसं चीत करायचं, याचा शांतपणे विचार करायला लागते.

मग गोष्ट 64 वर्षं मागे जाते. यॉर्कशरचं वाऱ्यानं झोडपलेलं माळरान. त्यावर फेअरली हॉल नावाची हवेली. तिथे भल्या पहाटे, अंधारात, गारठलेल्या बोटांनी शेगड्या पेटवणारी एक पोरगी. मुदपाकखान्यातली मोलकरीण. विमानातली बाई ती हीच. एमा हार्ट.

(पडद्यावर: पेपरबॅकची झिजलेली कड, दुमडलेली पानं.)

'अ वुमन ऑफ सबस्टन्स'. लेखिका बार्बरा टेलर ब्रॅडफर्ड, प्रकाशन 1979, खप तीन कोटी प्रतींच्या वर. नामवंत समीक्षकांच्या याद्यांत हे पुस्तक शोधू नका, सापडायचं नाही. सापडेल ते कुणाच्या तरी मावशीच्या कपाटात, चिकटपट्टी लावून जगवलेलं.

ही कादंबरी इतकी का वाचली गेली, याचं ठरलेलं उत्तर आहे: हिरे, विमानं, फरचे कोट. रोजच्या कटकटीतून घटकाभर सुटका, म्हणून बायका वाचतात. सुटका हवी असते, हे खरंच. पण विमान पहिल्या काही पानांत येऊन जातं. आठशेच्या वर पानांच्या या पुस्तकाचा केवढा तरी भाग हात काळे करण्यात, शिवणात, दुकानात आणि हिशेबात जातो. वाचकाला नुसती चैन हवी असती तर त्यानं ही पानं चाळून पुढे ढकलली असती. तसं झालं नाही. उलट ज्यांनी हे पुस्तक वाचलंय त्यांना विचारा, त्यांच्या डोक्यात घट्ट बसलेलं असतं ते दुकान.

(पडद्यावर: लीड्स. लाल विटांच्या घरांच्या रांगा. मागे गिरणीची चिमणी.)

हे लीड्स शहर. त्याचा एक भाग आर्मली. एके काळी जगातली सर्वांत मोठी समजली जाणारी लोकरीची गिरणी इथे होती. आज तिथे औद्योगिक संग्रहालय आहे. 1933 साली याच आर्मलीत बार्बरा टेलरचा जन्म झाला. वडिलांचा पहिल्या महायुद्धात एक पाय गेलेला. आई परिचारिका, आणि पुस्तकांची वेडी. शाळा सुटल्यावर पोरगी 'यॉर्कशर इव्हनिंग पोस्ट' या वर्तमानपत्रात टंकलेखिका म्हणून लागली. वय 15. वर्षभरात वार्ताहर झाली. 18 व्या वर्षी महिलांच्या पानाची संपादक. विशीत लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवर, म्हणजे तिथल्या वर्तमानपत्रांच्या रस्त्यावर. पुढे लग्न करून न्यूयॉर्कला गेली, गृहसजावटीवर सदरं लिहीत राहिली. चार कादंबऱ्या सुरू केल्या आणि अर्ध्यावर टाकून दिल्या. पहिली पुरी झालेली कादंबरी छापून आली तेव्हा बाई 46 वर्षांच्या होत्या.

एमाची गोष्ट थोडक्यात अशी. मालकाच्या धाकट्या मुलापासून तिला दिवस जातात. तो काखा वर करतो. पोरगी लीड्सला निघून येते आणि बोटीवर नोकरीला असलेला एक नवरा कल्पनेतून तयार करते, म्हणजे 'मिसेस हार्ट' म्हणून राहायला खोली मिळेल. कॅलिन्स्की नावाच्या ज्यू शिंप्याकडे कामाला लागते.

इथे जरा थांबू. हा शिंपी लेखिकेनं हवेतून आणलेला नाही. रशियन साम्राज्यातून जीव मुठीत धरून आलेली कितीतरी ज्यू कुटुंबं त्या काळात लीड्सला उतरली आणि शिवणकामात शिरली. त्यांतलाच एक फेरीवाला, मायकल मार्क्स. 1884 साली त्यानं लीड्सच्या कर्कगेट बाजारात एक ठेला टाकला. किंमत विचारू नका, सगळं एका पेनीला, अशी त्याची पाटी होती. पुढे त्याला स्पेन्सर नावाचा भागीदार मिळाला. मार्क्स अँड स्पेन्सर या बड्या दुकानसाखळीचं मूळ त्या ठेल्यात आहे. त्यामुळे लीड्समधल्या वाचकाला एमाचं दुकान परीकथा वाटायचं कारण नव्हतं. असं झालेलं त्याच्या शहरानं पाहिलं होतं. झालं होतं ते पुरुषाचं, इतकाच काय तो फरक.

(पडद्यावर: लाकडी काउंटर, बरण्या, दोऱ्यांची रिळं. पितळी तराजू.)

एमा आर्मलीत छोटं दुकान भाड्यानं घेते. खाण्याचे घरगुती पदार्थ, सुया-दोरे, लेसा, मग बायकांचे तयार कपडे. एकाची होतात तीन. कुठला माल आधी संपतो, गिऱ्हाईक काय विचारून हात हलवत परत जातं, कुणाला काय परवडतं, याचा तिच्या डोक्यात सतत हिशेब चालू असतो. प्रेमप्रसंगांपेक्षा या पानांना जास्त धग आहे, असं माझं मत. लेखिकेला हे सगळं मनापासून आवडतंय, ते लपत नाही.

आणि वाचणारीला सुख मिळतं ते इथेच. विचार करा, कुठल्याही घरातल्या बाईनं दिवसभरात केलेल्या कामाचं रात्री काय उरतं? भांडी परत खरकटी होतात. कपडे परत मळतात. कुणी नोंद ठेवत नाही. एमाच्या जगात प्रत्येक तासाची नोंद होते. ती रात्री जागली तर सकाळी फळीवर माल वाढलेला असतो. अपमान झाला तर तोही जमा होतो आणि कित्येक वर्षांनी व्याजासकट वसूल होतो. फेअरली कुटुंबाची गिरणी ती विकत घेते, हवेली विकत घेते आणि ती हवेली पाडून टाकते. राहायला जात नाही, पाडते. कष्टांचा चोख मोबदला मिळतो, तोही तिच्या स्वतःच्या नावावर. खरी स्वप्नरंजनाची जागा ही आहे. हिरे म्हणजे त्या मोबदल्याची पावती.

(पडद्यावर: 1970 च्या दशकातली ब्रिटिश बँक. काउंटरपलीकडे सूटमधले पुरुष.)

पुस्तक आलं तो काळ लक्षात घ्या. समान वेतनाचा आणि लिंगभेदाविरुद्धचा, हे दोन्ही कायदे ब्रिटनमध्ये लागू झाले 1975 च्या डिसेंबरअखेर. त्याआधी कमावत्या बाईला घरासाठी कर्ज हवं असेल तर बापाची किंवा नवऱ्याची सही आणा, असं बँका सर्रास सांगत. पुस्तक आलं त्याच 1979 साली, मे महिन्यात, किराणा दुकानदाराची मुलगी पंतप्रधान झाली. मार्गारेट थॅचर. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. पण वारं कुठल्या दिशेनं वाहत होतं, ते दिसतं.

मग 1985 चा जानेवारी. चॅनल 4 ही वाहिनी जेमतेम दोन वर्षांची. तिनं या कादंबरीवरची मालिका सलग तीन रात्री दाखवली. तरुण एमा झाली जेनी सीग्रोव्ह, म्हातारी एमा डेबोरा कर. प्रेक्षकसंख्या गेली 1 कोटी 38 लाखांवर. त्या वाहिनीचा तो विक्रम. आणि बाहेर काय चाललं होतं? बेकारांचा आकडा तीस लाखांच्या वर. खाणकामगारांचा संप दहाव्या महिन्यात. तो पेटला होता यॉर्कशरमध्येच. चूल पेटायची पंचाईत, संपकऱ्यांच्या बायका सामुदायिक स्वयंपाकघरं चालवतायत. अशा थंडीत लोक टीव्हीसमोर बसून त्याच यॉर्कशरमधली एक मोलकरीण कोट्यधीश होताना बघत होते. याला कुणी अफू म्हणेल. मी म्हणणार नाही. दिवसभर रांगेत उभं राहिलेल्या माणसानं रात्री काय बघावं, हे ठरवणारे आपण कोण?

(पडद्यावर: एकामागून एक चकचकीत मुखपृष्ठं. सोनेरी उठावाची अक्षरं.)

त्या काळात अशा पुस्तकांची लाटच आली होती. अमेरिकेत जूडिथ क्रँट्झची 'स्क्रूपल्स', 1978. बेव्हर्ली हिल्समधलं उंची कपड्यांचं दुकान आणि त्याची मालकीण. पण तिथे भांडवल श्रीमंत नवऱ्याकडून येतं, आणि मला ते पुस्तक तिथेच सैल वाटतं. ब्रिटनमध्ये शर्ली कॉनरनची 'लेस', 1982. हिची कथा मजेशीर. बाईंना लिहायचं होतं शाळकरी मुलींसाठी लैंगिक माहितीचं पुस्तक. माहिती गोळा करता करता त्याची झाली कादंबरी. आईवडील जे सांगायला लाजत होते, ते मुलींनी या पुस्तकांच्या मळलेल्या पानांवरून शिकून घेतलं.

1984 साली जॅनिस रॅडवे या अमेरिकन अभ्यासिकेनं एक निराळंच काम केलं. प्रेमकादंबऱ्या वाचणाऱ्या गृहिणींना तिनं सरळ विचारलं, का वाचता? पुस्तकात काय असतं, हे त्यांनी सांगितलंच. पण पुस्तक हातात असलं की आपल्याला कुणी हाक मारू नये, हा वेळ माझा, हेही सांगितलं. म्हणजे गोष्ट सुरू व्हायच्या आधीच, नुसतं पान उघडण्यात निम्मी सुटका झालेली असते.

(पडद्यावर: मुंबई, फ्लोरा फाउंटन. फुटपाथवर रचलेले पुस्तकांचे मनोरे.)

ही लाट मुंबईलाही पोचली, ती बहुतेक फुटपाथवरून. रद्दीतून आलेली, कोपरे दुमडलेली जाड पुस्तकं. वाचून परत आणलं की अर्धे पैसे परत. लोकलच्या लेडीज डब्यात, वर्तमानपत्राचं कव्हर घालून, दादर ते डोंबिवली. सिडनी शेल्डन तर घराघरांत. लेखक पुरुष, पण त्याच्या वकील, चोर, उद्योगपती नायिका आपल्याकडे कॉलेजच्या पोरींनी अक्षरशः पाठ केल्या.

1989 साली या जातीची नायिका थेट इथलीच निघाली. माहेरच्या राजाध्यक्ष असलेल्या शोभा डे यांची पहिली कादंबरी, 'सोशलाइट ईव्हनिंग्ज'. इंग्रजीत लिहिलेली, पण नायिका करुणा ही साताऱ्यात जन्मलेली मध्यमवर्गीय मुलगी. मॉडेलिंग, पैसेवाल्या घरात लग्न, पार्ट्या, कंटाळा, भानगड, घटस्फोट. समीक्षकांनी नाकं मुरडली. पुस्तक खपलं. लोकांना पार्ट्याच तेवढ्या आठवतात. मला आठवतो तो शेवटाकडचा भाग. करुणा परत आईवडिलांच्या घरी आहे, जाहिराती आणि टीव्हीचं काम करून कमावते आहे, आणि पुन्हा लग्न कर म्हणून आई मागे लागली आहे. करुणा बधत नाही. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतका हक्क देणारा कायदा महाराष्ट्रात यायला तेव्हा अजून पाच वर्षं होती. तो आला 1994 मध्ये.

करुणाला मूल नाही. ही लेखिकेनं करून घेतलेली सोय आहे, असं मला वाटतं. कारण डोंबिवलीला उतरणाऱ्या त्या वाचकबाईला आधी पाळणाघर गाठायचं असतं.

(पडद्यावर: रिपन गाव. जुन्या अनाथ-निराधार आश्रमाची दगडी इमारत.)

एमाला मूल आहे. एडविना. तिला ती कुठे ठेवते? रिपन नावाच्या गावी, फ्रीडा नावाच्या नात्यातल्या बहिणीकडे. एमा लीड्समध्ये दुकानं वाढवत असते तेव्हा बाळाची आजारपणं, दात येणं, रात्रीचं रडणं हे सगळं फ्रीडा निभावते. कादंबरी तिच्या वाट्याला फार पानं देत नाही. सगळ्याचा हिशेब ठेवणाऱ्या या पुस्तकात फ्रीडाच्या नावाचं खातंच नाही. एमाच्या गिरण्यांत मागावर उभ्या राहणाऱ्या बायकांचंही तेच. एक मोलकरीण वर गेली, बाकीच्या होत्या तिथेच राहिल्या, आणि गोष्ट एमाच्या मागोमाग लंडनला निघून गेली.

गंमत बघा. लेखिकेच्या आईचं नाव फ्रीडा. गाव रिपन.

2005 साली चरित्रकार पिअर्स डजन यांनी जुनी कागदपत्रं उकरली. फ्रीडाचा जन्म लग्नाबाहेरचा होता. तिची आई, म्हणजे लेखिकेची आजी, मोलकरीण होती, आणि मुलांसह रिपनच्या याच आश्रमात राहिली होती. बाप बहुधा तिथला बडा जमीनदार, रिपनचा मार्क्वेस, असा चरित्रकाराचा तर्क. तर्कच तो, पुरावा नव्हे. पण मोलकरीण, हवेलीतला पुरुष आणि लपवलेलं मूल ही एमाची गोष्ट लेखिकेनं 1979 मध्ये लिहिली, तेव्हा आपल्या घरात असं काही घडलं असेल याची तिला कल्पना नव्हती, असं ती म्हणत असे. आई काहीच बोलली नसेल? लहान मुलीला हात धरून त्या भागातल्या हवेल्या दाखवत फिरवणारी आई?

(पडद्यावर: लीड्स विद्यापीठाचं ब्रॉदरटन ग्रंथालय. करड्या खोक्यांची रांग.)

ब्रॅडफर्ड यांची हस्तलिखितं आता लीड्स विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. एकोणिसाव्या शतकातल्या कादंबरीकार ब्राँटे भगिनींचे कागदही त्याच छपराखाली. बाई गेल्या 2024 च्या नोव्हेंबरमध्ये, न्यूयॉर्कला, 91 व्या वर्षी. त्यानंतर चॅनल 4 नं ही मालिका नव्यानं करायचं जाहीर केलं, म्हाताऱ्या एमाच्या भूमिकेत ब्रेंडा ब्लेथिन. विमान असेल, हवेली पाडणं असेल, दुकान तर असणारच. फ्रीडाला किती मिनिटं मिळतात, ते मी घड्याळ लावून बघणार आहे.