पहिले बोलावणे नानांना

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या नारायण पेठेत एखाद्या घरी मृत्यू झाला, की डॉक्टरांच्या पाठोपाठ आणि पुष्कळदा नातेवाइकांच्याही आधी माझ्या सासऱ्यांना बोलावणे जात असे. घरात ते नाना होते आणि हळूहळू साऱ्या पेठेचेच नाना झाले. सरकारी कचेरीतल्या कारकुनीतून निवृत्त झालेल्या या माणसाने हयातभर शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या अंत्यविधीची व्यवस्था पाहिली, आणि त्यासाठी कुणाकडून चहापलीकडे काही घेतले नाही, तोसुद्धा तेराव्यानंतर. वयाच्या ८६व्या वर्षी ते गेले. त्यांच्याविषयी चार शब्द बोलण्यासाठी आज मी आपल्यासमोर आहे.

या कामाची सुरुवात पानशेतच्या पुरात झाली. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचा बांधही टिकला नाही, आणि मुठेचे पाणी लकडी पुलावरून जाऊन नदीकाठच्या पेठांतले वाडेच्या वाडे कोसळले. नाना तेव्हा ऐन विशीत होते. पूर ओसरल्यावर घराघरांत गाळ साचला होता, नळ कोरडे पडले होते आणि लोक जुन्या विहिरींवर भागवत होते. त्याच दिवसांत गल्लीतल्या एका म्हाताऱ्या बाई वारल्या, तर तिरडीसाठी बांबू मिळेना आणि खांद्याला चौथा माणूस मिळेना. ते चौथे माणूस नाना झाले. बांबूंऐवजी त्यांनी पडलेल्या वाड्यातले वासे काढून आणले होते. कोणाची जात कोणती, हा प्रश्न त्या आठवड्यात कुणाला सुचला नाही, आणि नानांना तो पुढेही कधी सुचला नाही. पेठेतल्या काही वडीलधाऱ्यांना मात्र तो पुन्हा लवकरच सुचू लागला, एवढे नमूद करून पुढे जाते.

त्यांची कामाची रीत मी वर्षानुवर्षे पाहिली. खुंटीवर एक कापडी पिशवी टांगलेली असे. तिच्यात सुतळीचे गुंडे, कात्री, पेन, कोरे कागद आणि काडेपेटी. निरोप आला की ती खांद्याला लावून ते निघत. गेल्यावर पहिली चौकशी डॉक्टरांच्या दाखल्याची, कारण दाखल्यावाचून महापालिकेचा पास मिळत नाही आणि पासावाचून वैकुंठ स्मशानभूमीत पुढचे काही होत नाही. हा दाखला आणायला मुलाला धाडायचे नाही, हा त्यांचा नियम होता. मुलाने आईजवळ बसावे, धावपळ शेजाऱ्याने करावी. मग ‘पुष्पक’ शववाहिनीला फोन, बांबू, कामट्या, मडके, गोवऱ्या, पांढरे कापड. तिरडी ते स्वतः बांधत. दोन बांबूंवर कामट्या आडव्या टाकून प्रत्येक सांध्याला सुतळीचे आडवे-उभे वेढे देत आणि शेवटी गाठ खालच्या बाजूला वळवत, म्हणजे ती वर बोचत नाही. आता कुणाला काय बोचणार, असे एका तरुणाने एकदा विचारले. नाना म्हणाले, “खांदा देणाऱ्याच्या हाताला बोचते.”

इकडे घरी आमच्याकडे काम असे ते पिठलं-भाताचे. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून जाताना नाना उंबऱ्यातूनच माणसांचा आकडा सांगत आणि मी भात टाकी. परतल्यावर त्यांना आंघोळीला कढत पाणी लागे, मग रात्रीचे तीन का वाजलेले असेनात. सासूबाईंनी कितीतरी वर्षे त्या वेळी बंब पेटवला आहे.

नाना फार गोड माणूस होते असे मी सांगितले, तर ते खरे होणार नाही. घरात त्यांचा शब्द शेवटचा असे आणि तो चढ्या आवाजात असे. दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या पाटावरून ते उठून गेलेले आहेत, नातीच्या बारशाला पाहुणे बसलेले असताना गेलेले आहेत. पेठेला जेवढे नाना मिळाले, तेवढे घराला मिळाले नाहीत, हे घरातल्या प्रत्येकाने कधी ना कधी बोलून दाखवलेले आहे. मंडळातली मुले त्यांना भीत, पण त्यांच्यामागे जातही. विसर्जन मिरवणुकीत दोर धरायला शंभर जण येतात, रात्री अडीचला खांदा द्यायला कोण येतो ते मला सांगा, असे ते त्यांना सुनावत, आणि त्यातूनच दहा-बाराजण तयार झाले.

वाडे पाडून इमारती उभ्या राहिल्या, तशी त्यांना एक नवीच चिंता लागली. लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावत नाही आणि जिन्याच्या वळणावर तिरडी उभी करावी लागते, याचा त्यांना विलक्षण संताप येई. पुनर्विकासाच्या बैठकीला ते टेप घेऊन जात आणि बाकीचे सभासद पार्किंगवर भांडत असताना हे बिल्डरला लिफ्ट आतून किती खोल आहे ते विचारत. लोक हसत. दोन इमारतींत मात्र लिफ्ट मोठी बसली, आणि आजारी माणसांना तिचा उपयोग रोज होतो.

उतारवयात त्यांनी नेत्रदानाचा विषय हाती घेतला. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत नेत्रपेढीचे पथक यावे लागते. तोवर पंखा बंद ठेवावा, पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवावा आणि डोक्याखाली उशी द्यावी. चष्मा असला किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असली, तरी नेत्रदान करता येते. आधी अर्ज भरलेला नसला तरी चालते, नातेवाइकांची संमती मात्र हवी. ज्या घरी त्यांचा शब्द ऐकला जाई, तिथे तो सांगायला लागणारे धैर्य त्यांच्याजवळ होते. रडणाऱ्या माणसाजवळ बसून हे विचारणे किती अवघड असते, ते ज्याने विचारले आहे त्यालाच ठाऊक.

नाना गेले ते पहाटे, झोपेत. पंखा कुणी बंद केला हे आता कुणालाच आठवत नाही; सगळ्यांनाच ते पाठ होते. पथक आले, त्यांचे काम अर्ध्या तासात झाले आणि चेहऱ्यावर काही कळतही नव्हते. दाखला, पास, गाडी, बांबू यांतले काहीही माझ्या नवऱ्याला करावे लागले नाही. समोरच्या इमारतीतून पिठलं-भात आला.

तेरावे झाल्यावर सासूबाईंनी स्वतःसाठी नेत्रदानाचा अर्ज मागवला. सही करून झाल्यावर त्या म्हणाल्या, “जन्मभर लोकांच्या घरी जाऊन केले, हे एवढे एक मात्र आपल्या घरात बसून केले हो त्यांनी.”