करवसुलीचं व्यंगचित्र: चिमटा कुणाला?

श्रोतेहो, नमस्कार.

मार्च उजाडला की नाशकात घरपट्टीच्या थकबाकीची चर्चा सुरू होते आणि व्यंगचित्रकाराच्या कागदावर वसुली कारकून अवतरतो: ढेरपोट्या, गिधाडाच्या नाकाचा, काखेत पावतीपुस्तक. हशा मिळतो, पण चित्र तिथेच फसतं. कराचा दर त्या कारकुनाने ठरवलेला नसतो. तो ठरवणारा चित्रात कुठेच नसेल, तर चिमटा भलत्यालाच बसला.

फ्रान्समधलं 1789 सालचं एक चित्र डोळ्यांसमोर आणा. म्हातारा शेतकरी कुदळीवर भार देऊन वाकलाय. त्याच्या पाठीवर एक धर्मगुरू आणि एक सरदार आरामात बसलेत. शेतकऱ्याच्या खिशातून कागद डोकावतात, त्यांवर मीठ, तंबाखू अशा करांची नावं आहेत. पायाशी ससे त्याची कोबी खातायत, पाखरं दाणे टिपतायत. ते ससे उगाच नाहीत. शिकारीचा हक्क सरदारांचा होता, शेतकऱ्याला ससे मारायची मुभा नव्हती. वसुली अधिकारी अख्ख्या चित्रात नाही, तरी कर कुणाच्या पाठीवर आणि कुणाच्या सोयीसाठी, हे लहान पोरालाही कळतं.

आपल्याकडे जकात होती तोवर चित्रकाराची चांगली सोय होती. नाका, आडवा दांडा, ट्रकची रांग, पावती, सगळं डोळ्यांना दिसणारं. पुढे एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर आला, 1 जुलै 2017 पासून जीएसटी आला, आणि वसुली संगणकात शिरली. आता संगणकासमोर कपाळाला हात लावून बसलेला व्यापारी किती वेळा काढणार? अशा वेळी कर जिथे हाताला लागतो तिथे जावं: हॉटेलच्या बिलातली सीजीएसटी-एसजीएसटीची, म्हणजे केंद्राच्या आणि राज्याच्या वाट्याची जोडी, दारावर डकवलेली जप्तीची नोटीस. थकबाकीदाराच्या दारात ढोल वाजवण्याची मोहीम तर याच शहराने पाहिली. त्यात ढोलवाल्याची टर उडवू नका. ढोल बड्या थकबाकीदाराच्या बंगल्याकडे वळतो की चाळीकडे, तेवढंच दाखवा.

आता हाताचं काम. वर्तमानपत्रात चित्र पाच सेंटिमीटर रुंद छापायचं असेल, तर दहा सेंटिमीटर रुंद काढा. आधी एचबी पेन्सिलने फिकट रेखाटन, मग काळ्या शाईने पक्क्या रेषा, आणि शाई पूर्ण वाळल्यावरच खोडरबर. घाई केली की शाई फरफटते. सावलीच्या रेषांमध्ये किमान एक मिलिमीटर जागा ठेवा. छापताना चित्राचा आकार निम्मा झाला की ती अर्धा मिलिमीटर उरते, त्यात वर्तमानपत्राच्या कागदावर शाई पसरते, आणि दाट रेषांचा नुसता काळा डाग होतो. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, म्हणून कारण डावीकडे आणि परिणाम उजवीकडे. जप्तीची नोटीस उजव्या कोपऱ्यात, नजर शेवटी पोचते तिथे.

चित्राखालची ओळ दहा-बारा शब्दांची पुरे. प्रत्येक वस्तूवर ‘कर’, ‘जनता’, ‘महागाई’ अशा चिठ्ठ्या लावायची वेळ आली, तर चित्र पुन्हा काढा. अक्षरं हाताने लिहिताना शिरोरेघ बारीक ठेवा, नाहीतर लहान आकारात अक्षरं चिकटतात. अनुस्वाराचा ठिपका मात्र नेहमीपेक्षा मोठा द्या. छपाईत सगळ्यात आधी तोच उडतो, आणि ‘दंड’ शब्दावर वाचक अडखळतो.