चिमूटभर सोडा आणि हायड्रिला

नमस्कार. टेबलावर ही काचेची बरणी ठेवली आहे, तिच्यात हायड्रिला आहे. काल संध्याकाळी आमच्या गावच्या पाझर तलावातून काढून आणली. बरणी मागच्या रांगेपर्यंत फिरू द्या. एक फांदी चिमटीत धरून शेंड्याकडून बुडाकडे हलकेच ओढून बघा. खरखर लागेल. पानांच्या कडांना बारीक दात आहेत, डोळ्यांनीही दिसतात. एकेका पेरावर चार ते आठ पानं गोलाकार मांडलेली असतात. आपल्याकडे पाण्यात हिरवं काही दिसलं की लोक शेवाळ म्हणतात, नाहीतर जलपर्णी. जलपर्णी पाण्यावर तरंगते. ही अंगभर पाण्याखाली राहते. आणि हे शेवाळ नव्हे, ही फुलं येणारी वनस्पती आहे.

तुमच्यापैकी बहुतेकांची आणि हिची भेट शाळेत झाली असणार. चंचुपात्रात हायड्रिला, तिच्यावर पालथं नरसाळं, नरसाळ्यावर पाण्याने भरलेली पालथी परीक्षानळी. उन्हात ठेवलं की बुडबुड्यांची माळ सुरू. त्याआधी बाई किंवा सर पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकायचे. आजचं माझं सगळं सांगणं त्या चिमटीभोवती आहे.

वनस्पतीला अन्न करायला कर्बवायू लागतो. जमिनीवरच्या पानाला तो वाऱ्याबरोबर आयता मिळतो. पाण्यात मात्र हा वायू हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. पानाने आपल्या अंगालगतचा वायू शोषून घेतला की नवा यायला वेळ लागतो. दाट वाढलेल्या हायड्रिलात भर दुपारी ही टंचाई टोकाला जाते. ऊन भरपूर, पाणी तापलेलं, प्राणवायू विरघळून ओसंडतोय, आणि कर्बवायू जवळजवळ संपलेला.

पाण्यात कार्बन असतो, पण बायकार्बोनेटच्या रूपात. तो तसाच्या तसा कामाचा नसतो. हायड्रिला काय करते? पानाची खालची बाजू आम्लधर्मी करते आणि वरची अल्कधर्मी. खालच्या आम्लात बायकार्बोनेटपासून कर्बवायू सुटतो आणि तो लगेच पानात शिरतो. हे पान किती जाड आहे, तर फक्त दोन पेशींचं! तेवढ्यात एका अंगाला आम्ल आणि दुसऱ्या अंगाला अल्क सांभाळायचं. पाणी जड, म्हणजे क्षारांचं, असेल तर वरच्या बाजूला चुन्याचा पांढरट थर बसतो. बरणीतली जुनी पानं उजेडाकडे धरा, काहींवर दिसेल. आणि सोडा म्हणजे बायकार्बोनेटच. शाळेत आपण तिला चिमटीने खाऊ घालत होतो.

एवढ्यानेही भागलं नाही तर तिच्याकडे दुसरी सोय आहे. ज्वारी, मका, ऊस यांची पानं कर्बवायू आधी एका प्रकारच्या पेशीत आम्लाच्या रूपात पकडतात आणि मग दुसऱ्या प्रकारच्या पेशीत नेऊन सोडतात. याला आपण सी-फोर म्हणतो. त्यासाठी पानात पेशींची खास दुहेरी रचना लागते, असं आम्हाला शिकवलं होतं. फ्लोरिडा विद्यापीठात जॉर्ज बोव्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की हायड्रिला हे सगळं एकाच पेशीत उरकते. पेशीद्रवात पकडायचं, हरितलवकात सोडायचं. तेही बारा महिने नाही. पाणी गार आणि मोकळं असेल तेव्हा ती साध्या पद्धतीने जगते. उन्हाळा आला, गर्दी झाली की पद्धत बदलते. मला विचाराल तर वनस्पतिशास्त्रातल्या सुंदर गोष्टींत ही फार वरच्या जागेवर आहे.

उजेडाचंही तसंच. भर उन्हाच्या एक टक्क्याहून कमी प्रकाशात ती तग धरते. म्हणून पहाटे इतरांच्या आधी तिचं काम सुरू होतं, आणि खोल, गढूळ पाण्यातही ती मूळ धरते. वर पोचली की फांद्या फोडून पाण्यावर छत घालते आणि खालच्यांचा उजेड तोडते.

फुलाबद्दल थोडं सांगतो. नरफूल कळी असतानाच देठापासून सुटतं, वर येतं आणि पृष्ठभागावर फटकन उघडून पराग हवेत उडवतं. मादीफूल लांब, दोऱ्यासारख्या नळीवर पाण्याच्या वर टेकतं. त्याच्या पारदर्शक पाकळ्यांचं छोटं नरसाळं होतं, आतून कोरडं. पराग हवेतून थेट त्या कोरड्या नरसाळ्यात पडला तर उपयोग. पाण्यात पडला की वाया. जन्म सगळा पाण्यात, पण लग्नाला पाणी चालत नाही.

आता फ्लोरिडाकडे जाऊ. 1950च्या दशकात मत्स्यालयांच्या व्यापारातून ही आशियातली वनस्पती तिथे गेली आणि 1960च्या सुमारास मोकळ्या पाण्यात सापडली. तिथे पसरली ती फक्त मादी झाडं. नर नाही, म्हणून बी नाही. तरीही तळी, कालवे, नद्या भरून गेल्या, कारण एका पेराचा तुकडासुद्धा नवीन झाड होतो, आणि होड्यांचे पंखे तुकडे करतच होते. दिवसाला दोन-अडीच सेंटिमीटर वाढ. शिवाय चिखलात वाटाण्याएवढे कंद, जे चार-चार वर्षं जिवंत राहतात. वरचं कापलं तरी खालून पुन्हा तयार.

फ्लुरिडोन नावाचं तणनाशक वर्षानुवर्षं तिथे वापरलं. मग ते काही तळ्यांत लागू पडेना. 2004 साली कारण प्रसिद्ध झालं: झाडाच्या शरीरपेशींतच जनुकात बदल झाला होता, बीजाचा संबंध न येता. बदललेली फांदी वाचली, तुटली, पसरली. बी नसलेल्या वनस्पतीत बदलाला वावच नसतो, असं समजणाऱ्यांना हे मोठं उत्तर होतं.

दुसरी गोष्ट गरुडांची. 1994-95च्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या अर्कान्सामधल्या डीग्रे जलाशयापाशी 29 टकले गरुड मेलेले सापडले. मेंदूत पोकळ्या पडलेल्या. गरुड चांदवे नावाचे पाणपक्षी खात होते, आणि चांदवे हायड्रिला. पण हायड्रिला स्वतः विषारी नाही. जॉर्जिया विद्यापीठाच्या सुझन वाइल्ड वर्षानुवर्षं या प्रश्नामागे होत्या. पानांच्या खालच्या बाजूला एका सायनोबॅक्टेरियाच्या, म्हणजे उजेडावर अन्न करणाऱ्या जीवाणूच्या, वसाहती त्यांना दिसल्या. त्याचं नावच ठेवलं ‘हायड्रिलावर राहणारा गरुडमाऱ्या’. प्रयोगशाळेत तो वाढवला तर विष बनेना! पाण्यात ब्रोमाइड, म्हणजे ब्रोमीनचा क्षार, घातलं तेव्हा बनलं. विषाच्या रेणूत ब्रोमीनचे पाच अणू निघाले. 2021 साली हे जगापुढे आलं. हायड्रिला पाण्यातलं ब्रोमाइड पानांत साठवते. आणि ते पाण्यात येतं कुठून, याच्या शक्यतांपैकी एक म्हणून संशोधकांनी बोट दाखवलं ते हायड्रिला मारायलाच फवारल्या जाणाऱ्या डायक्वॉट डायब्रोमाइडकडे. मी हे पहिल्यांदा वाचलं, त्या रात्री मला झोप आली नाही.

चांदवा आपल्याकडचाही. काही भागांत त्याला वारकरी म्हणतात, काळं अंग आणि कपाळावर पांढरा टिळा. हिवाळ्यात नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वरला त्यांचे थवे पाहा. पाण्यातल्या अशाच हिरवळीवर ते आणि बदकं जगतात. तिच्या आडोशाला माशांची पिल्लं वाढतात. इथे तळी उन्हाळ्यात आटतात, गुरं पाण्यात उतरतात, कंद पक्षी खातात. म्हणून आपल्या तळ्यात हायड्रिला दिसली की लगेच ‘काढा ती घाण’ म्हणणाऱ्यांशी मी भांडतो. मात्र सांडपाण्याने खत मिळालेल्या तळ्यात ती बेसुमार माजते, आणि तिथली अडचण वेगळी. दिवसा बुडबुडे देणारं हेच झाड रात्री श्वास घेतं आणि पहाटे पाण्यातला प्राणवायू पार खाली जातो. सकाळी मासे तोंड वर काढून आ वासताना दिसले तर समजा. तिथे आधी सांडपाणी बंद करा.

घरच्या मत्स्यालयातल्या फांद्या नदीत टाकू नका, उन्हात खडखडीत वाळवून कुंडीत खत म्हणून घाला.

मागे खिडकीपाशी सूक्ष्मदर्शी मांडला आहे. त्यात याच बरणीतलं एक पान आहे, पाण्याच्या थेंबात, न कापता, न रंगवता. मधल्या शिरेलगतच्या लांबट पेशींवर नजर ठेवा आणि अर्धा मिनिट थांबा. हिरवे कण भिंतीच्या कडेकडेने रांगेत फिरू लागतील. दिव्याच्या उबेने वेग वाढतो. गर्दी करू नका, एकेक जण या. पान संध्याकाळपर्यंत जिवंत राहील.