मंदीच्या दिवसांत क्लासिक गाड्यांचा सौदा

श्रोतेहो, नमस्कार.

फ्रान्समधील मोटारनिर्माते एत्तोरे बुगाटी यांनी १९२० च्या दशकात राजघराण्यांसाठी म्हणून एक गाडी आखली आणि तिचे नाव ‘रोयाल’ ठेवले. १२.७ लिटरचे, आठ सिलिंडरांचे अवाढव्य इंजिन असलेल्या अशा २५ गाड्या बांधण्याचा त्यांचा बेत होता. परंतु ही गाडी विक्रीला निघाली आणि जागतिक महामंदी दाराशी येऊन ठेपली. बांधून झालेल्या मोजक्या गाड्यांपैकी जेमतेम तीन बाहेरच्या गिऱ्हाइकांनी घेतल्या, आणि पडून राहिलेली इंजिने कारखान्याने फ्रान्सच्या रेल्वेसाठी बांधलेल्या वेगवान डब्यांमध्ये बसवली. यांपैकी एक गाडी पुढे १९४० च्या दशकात न्यूयॉर्कच्या एका भंगारवाल्याकडे सापडली. थंडीत पाणी गोठून तिच्या इंजिनाला तडा गेलेला होता. जनरल मोटर्समधील अभियंते चार्ल्स चेन यांनी ती तिथून उचलली आणि दुरुस्त करून घेतली, म्हणून ती आज संग्रहालयात उभी आहे. तिची दुसरी एक बहीण मात्र नोव्हेंबर १९८७ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये लिलावाला आली आणि ५५ लाख पौंडांना गेली.

त्या तारखेकडे नीट पाहावे. १९ ऑक्टोबर १९८७ रोजी जगभरचे शेअर बाजार कोसळले होते. म्हणजे ज्या मॉडेलची विक्री एका आर्थिक आपत्तीने बुडवली, त्याच मॉडेलच्या एका गाडीने दुसरी आपत्ती येऊन महिनाही उलटला असेल-नसेल तोच किमतीचा विक्रम केला. मंदी आली की जुन्या गाड्या स्वस्त होणारच, असा सरळ हिशेब मांडून जे पैसे बांधून तयार बसतात, त्यांना या बाजाराने अनेकदा चकवले आहे, ते यामुळेच.

मंदी सगळ्या सारख्या नसतात. गाडीच्या भावाच्या दृष्टीने पाहिले, तर पैसा महाग होतो की स्वस्त, हा प्रश्न अर्थव्यवस्थेच्या वाढीच्या आकड्यापेक्षा मोठा ठरतो. १९८७ च्या पडझडीनंतर कर्ज सहज मिळत राहिले, आणि शेअर्समधून घाबरून बाहेर पडलेला पैसा चित्रे, घड्याळे आणि गाड्या यांच्याकडे वळला. ऑगस्ट १९८८ मध्ये फेरारी कंपनीचे संस्थापक एन्झो फेरारी यांचे निधन झाले आणि त्यांच्या हयातीत बनलेल्या गाड्यांची हाव आणखी वाढली. लोक कर्ज काढून, गाडी प्रत्यक्ष न पाहता, केवळ महिन्याभरात पुढे विकायची म्हणून सौदे करू लागले. मग व्याजदर चढले, १९९० च्या सुरुवातीपासून जपानचा शेअर बाजार घसरू लागला, आणि ज्यांनी कर्जावर गाड्या घेतल्या होत्या त्या सर्वांना एकाच वेळी विकण्याची घाई झाली. १९६२ ते १९६४ या काळात बनलेली फेरारी २५० जीटीओ ही या बाजारातली सर्वांत मानाची गाडी. तेजीच्या शिखरावर तिने एक कोटी डॉलरचा टप्पा ओलांडला होता, आणि १९९० च्या दशकाच्या मध्यावर ती त्याच्या सुमारे एकतृतीयांश भावाला मिळत होती. ज्याने ती तेव्हा घेतली त्याचे भाग्य थोर म्हणावे लागेल, कारण २०१८ मध्ये तशाच एका गाडीला लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलर आले. पण ज्याने ती शिखरावर उसने पैसे घेऊन विकत घेतली होती, त्याला हा सुखान्त पाहण्याइतका काळ व्याजाने थांबू दिले असते का, हा खरा प्रश्न आहे.

२००८ सालचे चित्र याहून अगदी वेगळे होते. बँका कोसळल्या, परंतु व्याजदर झपाट्याने खाली आणले गेले. उत्तम गाड्यांचे बहुसंख्य मालक कर्जात बुडालेले नव्हते, त्यामुळे त्यांना विकण्याची निकड नव्हती. मे २००९ मध्ये, म्हणजे संकट ऐन भरात असताना, इटलीतील मारानेल्लो येथील लिलावात १९५७ ची फेरारी २५० टेस्टा रोसा ९० लाख युरोंहून अधिक किमतीला गेली, आणि तो त्या वेळचा लिलावातला विक्रम होता. त्याच सुमारास साधारण अवस्थेतल्या, दोन-तीनदा रंग बदललेल्या, कागदपत्रे अर्धवट असलेल्या गाड्या मात्र बोलीविना परत जात होत्या.

माझ्या मते या सगळ्या व्यवहाराचे मर्म इथेच आहे. तेजीत नाव विकले जाते. त्या नावाखाली चोख गाडी आहे की पुट्टीने भरलेला पत्रा, याची फारशी विचारपूस होत नाही आणि दोन्हींना जवळजवळ सारखाच भाव येतो. मंदी गाड्या सरसकट स्वस्त करत नाही, ती त्यांच्यातला फरक उघडा पाडते.

आणि हा फरक उघड होण्याआधी बराच काळ बाजार नुसताच गप्प होतो, हेही लक्षात घ्यावे. मंदीत आधी किंमत पडत नाही, आधी सौदे थांबतात. विकणाऱ्याच्या मनात शेजाऱ्याच्या गाडीला दोन वर्षांपूर्वी आलेला भाव घर करून बसलेला असतो, तर घेणारा उद्याच्या भावाने आज मागणी करतो. म्हणून केवळ जाहिरातींमधल्या मागणीच्या किमती पाहून अंदाज बांधणे धोक्याचे ठरते. लिलावात किती गाड्या राखीव किमतीपर्यंत, म्हणजे ज्याखाली मालक विकणार नाही त्या किमतीपर्यंत, न पोहोचता परत गेल्या, आणि एकच गाडी किती महिने विक्रीला लागून आहे, या दोन गोष्टी खरा कल आधी सांगतात.

आता घेणाऱ्याकडे वळू. मंदीत विक्रीला येणारी गाडी ही बहुधा उभी राहिलेली गाडी असते. मालकाने हात आखडता घेतला की पहिली कात्री लागते ती दुसऱ्या-तिसऱ्या गाडीच्या देखभालीला. वर्ष-दोन वर्षे न चाललेल्या गाडीत पेट्रोल शिळे होऊन कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत चिकट थर धरते, टाकीत आतून गंज चढतो, ब्रेकचे सिलिंडर जाम होतात आणि रबराची सीले कडक होऊन गळू लागतात. टायरची नक्षी नवीकोरी दिसते, पण कडेवरचा चार अंकी आकडा पाहिला तर ते कोणत्या वर्षाच्या कितव्या आठवड्यात बनले ते कळते आणि वय लपत नाही. इंजिन थंड असतानाच पहिल्यांदा सुरू करायला सांगावे. आपण पोहोचण्यापूर्वीच बॉनेट गरम लागत असेल, तर तशी तयारी कशासाठी केली होती, हे नम्रपणे पण नक्की विचारावे. सुरू होताना निळसर धूर आला तर तेल जळत आहे, आणि इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर थांबत नसेल तर पाणी आत शिरत असण्याची शक्यता आहे. पत्र्यासाठी साधे लोहचुंबक फडक्यात गुंडाळून दाराच्या तळाशी, चाकांच्या कमानींवर आणि पायाखालच्या पट्ट्यांवर फिरवावे. लोखंडी पत्र्यावर ते जिथे धरत नाही, तिथे पुट्टी आहे.

ही तपासणी कोणत्याही काळात करायचीच असते. मंदीत तिला एक वेगळे वजन येते, ते दुरुस्तीच्या खर्चामुळे. गाडीचा भाव तीस टक्क्यांनी उतरला, तरी इंजिन बांधणाऱ्याची मजुरी, क्रोमचे काम, आसनांचे चामडे आणि दुर्मीळ स्पेअर पार्ट त्या प्रमाणात उतरत नाहीत. त्यामुळे संपूर्ण नूतनीकरण मागणारी गाडी स्वस्तात मिळाली, असे जेव्हा वाटते, तेव्हा ती वजावट बहुतेकदा गॅरेजच्या बिलात परत द्यावी लागते, आणि वर काही भरावेही लागते. मला विचाराल, तर नामांकित मॉडेलची थकलेली गाडी घेण्यापेक्षा साध्या मॉडेलची, एकहाती वापरलेली, सगळी कागदपत्रे जपलेली गाडी घेणे केव्हाही बरे. भाव वर जायला कदाचित वेळ लागेल, परंतु दरम्यान ती चालवता तरी येईल.

साध्या मॉडेलवरून आठवले. फेरारीची २५० जीटीई ही चार आसनांची कुटुंबाची गाडी होती. १९७३ च्या तेलसंकटानंतर तहानलेल्या मोठ्या इंजिनांना कोणी विचारीना, आणि पुढे जेव्हा २५० जीटीओची हाव सुरू झाली, तेव्हा अशा कितीतरी जीटीई कापून त्यांच्या सांगाड्यांवर आणि इंजिनांवर जीटीओच्या नकला उभारल्या गेल्या. आज शिल्लक राहिलेल्या मूळ जीटीईंना स्वतःचा चांगला मान आहे, तर नकलांना नकलेचीच किंमत मिळते. ज्या काळात एखादी गाडी कोणालाच नको असते, त्याच काळात तिचे मूळपण सर्वांत सहज नष्ट होते. म्हणून त्या पडत्या काळातली पाने गाडीच्या कागदपत्रांच्या फाइलीत आहेत का, हे अवश्य पाहावे. चासीवर ठोकलेला नंबर, इंजिनाचा नंबर आणि कागदांवरचे नंबर एकमेकांशी जुळले पाहिजेत. केवळ रिबिटांनी बसवलेल्या पट्टीवर विसंबू नये, कारण पट्टी बदलणे फारसे कठीण नसते.

याखेरीज अडचणीच्या काळात एक तपासणी हमखास राहून जाते, ती म्हणजे गाडी कोठे तारण आहे का याची. पैशाची ओढाताण सुरू झालेला मालक गाडीवर उचल घेतो आणि विकताना ते सांगायचे विसरतो. हे विसरणे प्रत्येक वेळी निर्दोष असतेच असे नाही.

विकणाऱ्याची परिस्थिती निराळी असते. त्याने पहिला प्रश्न स्वतःला विचारायचा, तो म्हणजे मला विकणे भाग आहे का. भाग नसेल तर गाडी झाकून, महिन्या-दीड महिन्यातून पूर्ण तापेपर्यंत चालवून, थांबणे हाच बहुधा सर्वांत स्वस्त उपाय असतो. नुसते पाच मिनिटे इंजिन सुरू करून बंद करण्याने मात्र भले होण्याऐवजी सायलेन्सरमध्ये पाणी साचते. अडला हरी गाढवाचे पाय धरी, ही अवस्था खरेदीदाराला लांबूनच ओळखू येते आणि त्याची पहिली मागणी त्याच हिशेबाने येते. विकणे भागच असेल, तर ते लवकर ठरवलेले बरे. सहा महिने चढ्या किमतीला चिकटून राहून दर महिन्याला थोडी थोडी कमी करणारा मालक, सुरुवातीला वाजवी किंमत लावणाऱ्या मालकापेक्षा शेवटी बहुधा कमीच घेऊन उठतो.

लिलावाबाबतही हेच खरे आहे. राखीव किंमत फार वर ठेवली आणि गाडी परत आली, तर तिला शेवटची बोली किती लागली हे सर्वांना ठाऊक होते आणि पुढचा प्रत्येक खरेदीदार तोच आकडा तोंडावर फेकतो. शिवाय पुकारलेली किंमत म्हणजे हातात पडणारी किंमत नव्हे. विकणाऱ्याकडून कमिशन कापले जाते आणि घेणाऱ्यावर खरेदीदाराचे शुल्क वेगळे चढते, ते बहुतेक ठिकाणी दहा टक्क्यांच्या घरात किंवा त्याहून अधिक असते. अनुभवी खरेदीदार बोली लावण्याआधीच ते शुल्क आपल्या मर्यादेतून वजा करतो. घेणाऱ्याने इथे एक संधी ध्यानात ठेवावी. न विकल्या गेलेल्या गाडीचा मालक लिलाव संपल्यावर तासाभराने पुष्कळ मऊ झालेला असतो, आणि लिलावघरामार्फत त्या वेळी केलेली विचारणा अनेकदा फळते.

आता शेवटी व्यापाऱ्याकडे विक्रीसाठी ठेवलेल्या गाड्यांविषयी, कारण मंदीतले सर्वांत मोठे नुकसान कधी कधी भावात नसतेच. गाडी व्यापाऱ्याच्या दालनात उभी असते, मालक निर्धास्त असतो, आणि एके दिवशी तो व्यापारीच दिवाळखोरीत निघतो. गाडी विकली गेली असेल आणि पैसे व्यापाऱ्याच्या सर्वसाधारण खात्यात मिसळले असतील, तर मालकाला इतर घेणेकऱ्यांच्या रांगेत उभे राहावे लागू शकते. गाडी विकली गेली नसेल, तरी ती आपली आहे हे सिद्ध करून ताब्यात घ्यायला महिने जाऊ शकतात. त्यामुळे गाडी सोपवताना मालकी कोणाची, किमान किंमत किती, पैसे कोणत्या स्वतंत्र खात्यात जमा होणार आणि किती दिवसांत मिळणार, तसेच या काळात विमा कोणी काढायचा, हे सर्व लेखी करून घ्यावे. विमा कंपनीशी आधीच ठरवलेल्या मूल्याचा असेल, तर तो आकडा आजच्या भावाशी जुळतो का, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे. मालकीची मूळ कागदपत्रे आणि दुसरी किल्ली, रक्कम आपल्या खात्यात पूर्ण जमा होईपर्यंत, स्वतःजवळच ठेवावी. चांगला व्यापारी याला हरकत घेत नाही, आणि जो घेतो त्याच्या दालनातून आपली गाडी स्वतः चालवत परत आणावी.

नमस्कार.