भाच्याला साप द्यायचा म्हणताय?

नमस्कार मंडळी. मागे ऐकू येतंय ना? मग माईक राहू दे, तो मगासपासून नुसता शिट्ट्या मारतोय.

खरं म्हणजे मला बोलावलंय पावसाळ्यातल्या सापांवर बोलायला. आपल्या ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरच्या सोसायट्या म्हणजे मागे येऊरचा डोंगर नि पुढे हायवे, त्यामुळे साप तुमच्याकडे येत नाहीत, तुम्हीच त्यांच्याकडे राहायला आलायत, हे मी दरवर्षी सांगते आणि दरवर्षी लोक हसतात. पण आत्ता लिफ्टमध्ये एक मामा भेटले, इथेच बसलेत, नाव नाही घेत. म्हणाले ताई, भाचा पुढच्या महिन्यात 15 चा होतोय, सापांचा भारी वेडा आहे, त्याला एक बॉल पायथन गिफ्ट द्यायचाय, कसा वाटतो? मी विचारलं बहिणीला सांगितलंय का. तर म्हणे छे छे, सरप्राइज आहे. म्हटलं आज आधी यावरच बोलू, घोणस पळून नाही जात.

पहिलं कायद्याचं, ते पटकन उरकते. आपल्याकडचा कुठलाही साप, नाग असो, धामण असो, अजगर असो, पकडून घरात ठेवायचा नाही, विकायचा नाही, द्यायचा नाही. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, अजगरासारखा पहिल्या अनुसूचीतला, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीतला प्राणी असेल तर शिक्षा कमीत कमी 3 वर्षं, 7 पर्यंत जाते. मांडूळ तर विचारूच नका, गुप्तधन मिळतं म्हणून बिचाऱ्याचे लाखांचे सौदे होतात आणि मग पोलीस स्टेशनात फोटो.

आता मामा म्हणतील बॉल पायथन आपला नाहीच. बरोबर, तो आफ्रिकेतला, पश्चिम नि मध्य आफ्रिकेतला, तीन ते पाच फुटांचा, घाबरला की डोकं मधे घेऊन स्वतःचा चेंडू करतो म्हणून ते नाव. पण तो साइट्स नावाच्या, वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, आणि फेब्रुवारी 2024 मध्ये आपल्याकडे नियम आले की असा प्राणी घरात असेल तर केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश नावाच्या वेबसाइटवर नोंद करायची, मेला तर कळवायचं, पिल्लं झाली तर कळवायचं आणि दुसऱ्याला दिला तरी कळवायचं. म्हणजे मामा, तुमचं सरप्राइज सरकारला आधी सांगावं लागणार. आणि ज्याच्याकडून घेताय त्याच्याकडे कागद नसतील तर सरळ उठून या, कारण ते साप कसे येतात ते पेपरात वाचलंच असेल, डिसेंबर 2023 मध्ये मुंबई एअरपोर्टवर बँकॉकहून आलेल्या एकाच्या सामानात बिस्किटं आणि केकच्या पुड्यांत 11 साप निघाले, त्यातले 9 बॉल पायथन. केकच्या पुड्यात! एवढ्या लांब तसा कोंबून आणलेला जीव तुम्ही रिबन बांधून देणार.

बरं, कागद सगळे नीट आहेत असं धरू. आता खरा मुद्दा. हा साप नीट सांभाळला तर 20-25 वर्षं सहज जगतो, जास्तच. भाचा 15 चा, तीन वर्षांनी इंजिनीअरिंगला पुण्याला जाईल, मग साप कोणाकडे? आईकडे. म्हणजे गिफ्ट भाच्याला नाहीच, तुम्ही ते बहिणीला देताय आणि तिला विचारलेलंच नाही. तो खातो काय, तर उंदीर, अख्खा, दहा-पंधरा दिवसांनी एक. आणलेले उंदीर फ्रीजरमध्ये ठेवावे लागतात, मटारच्या शेजारी. तुमच्या बहिणीकडे श्रावण पाळतात ना? साप नाही पाळत.

आणि सापाला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही हे लक्षात घ्या, बाहेरची ऊब मिळाली तरच त्याला खाल्लेलं पचतं. टाकीच्या एका टोकाला 31-32 डिग्री, दुसऱ्या टोकाला 26 च्या आसपास, म्हणजे तो स्वतः सरकून ठरवतो. आता भाच्याच्या बेडरूममध्ये मे महिन्यात एसी 20 वर असतो, मग हीट मॅट लागते, मॅटला थर्मोस्टॅट लागतो नाहीतर पोट भाजतं, आणि लाइट गेली की झालं. गार पडला की पोटातला उंदीर तो ओकून टाकतो. मी तो वास घेतलाय, वर्णन नाही करत, समोर वडे ठेवलेत.

कधी दोन-दोन महिने खातच नाही, काही झालेलं नसतं तरी. कात टाकायच्या आधी डोळे दुधाळ निळसर होतात, नीट दिसत नाही, चिडचिडा होतो, त्या दिवसांत हात लावायचा नाही, नेमके तेव्हाच मित्र बघायला येतात. प्रेम वगैरे तो करत नाही हो. हातावर बसतो कारण हात गरम आहे.

आणि कंटाळा आला म्हणून येऊरला नेऊन सोडू असं कुणाच्या डोक्यात असेल तर ते आत्ताच काढून टाका. इथला नसलेला प्राणी इथल्या जंगलात सोडायचा नसतो.

अजून एक सांगते, जूनमधली गोष्ट आहे, कासारवडवलीला एका बांधकामावर पोरांनी अजगराचं पिल्लू पाळलं होतं, रंगाच्या रिकाम्या बादलीत, वर जाळी. एक जण त्याला काडीने खेळवत होता. मी वाकून बघितलं तर अंगावर साखळीसारखे गोल गोल ठिपके, तीन ओळींत, डोकं त्रिकोणी. घोणस! दीड वितीची, पण विष पहिल्या दिवसापासून असतं तिला. त्या पोराचा हात आणि तिचं तोंड यात माझा हा पंजा मावला असता, एवढंच अंतर. तेव्हा सापाचा नाद असलेल्या मुलाला गिफ्ट द्यायचंच तर ओळखायला शिकवणारं काहीतरी द्या, आणि साप दिसला तर वनखात्याची 1926 हेल्पलाइन फोनमध्ये सेव्ह करून द्या.

पण मामा हट्टाला पेटलेत, मला दिसतंय. मग असं करा, साप नका देऊ, रिकामी टाकी द्या. मॅट, थर्मोस्टॅट, पाण्याचं भांडं, लपायला डबा, सगळं. दोन महिने रोज सकाळ-संध्याकाळ तापमान वहीत लिहायचं, पाणी बदलायचं, पंधरवड्याला फ्रीजरमधून एक पुडी काढून वितळवायची, मटारची चालेल. माझ्या मावसबहिणीकडे खारघरला हे केलंय आम्ही, तिच्या मुलाला साप हवा होता. वही आणलीय मी. हे बघा, पहिले 11 दिवस त्याचं अक्षर, बाजूला सापाची चित्रं, लाल पेनने डिग्री. बाराव्या दिवसापासून अक्षर बदललं. "सकाळी 31, रात्री 29, दूध दीड लिटर, इस्त्रीवाला." हे शेवटपर्यंत, एक दिवस चुकवलेला नाही. मुलगा नंतर क्रिकेटकडे वळला. आणि मागच्या आठवड्यात तिचा मला फोन, म्हणे अगं ती टाकी रिकामी बरी नाही वाटत, कागदपत्रं काय काय लागतात म्हणालीस?

मामा, वही घेऊन जा, वाचून परत द्या. चला, आता कुणीतरी तेवढे पुढचे लाइट बंद करा, घोणस दाखवते.